पायथनच्या पाच दिवसांच्या कोर्सला येण्याआधी: संशोधक विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सत्राच्या सुरुवातीला आम्ही एम.एस्सी., एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची तोंडओळख करून देणारा छोटा कोर्स घेतो. पाच दिवस, रोज तीन तास. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भाषाशास्त्र अशा सगळ्या विभागांतून विद्यार्थी येतात. कोर्सच्या आधीच्या पंधरवड्यात तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर, मेलवर आणि कँटीनमध्ये विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. तुम्ही दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात अशाच कोर्सला जाणार असाल, तरी यातलं बरंचसं कामी येईल.

मी आजवर कोडची एक ओळही लिहिलेली नाही. मला जमेल का?

जमेल. कोर्स तुमच्यासाठीच आहे. "बारावीला आयटी होतं" किंवा "बी.एस्सी.ला सी शिकले होते, पण आता काही आठवत नाही" असं म्हणणारेही याच गटात येतात. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणं) आणि फंक्शन लिहिणं ज्यांच्या हातचा मळ आहे, त्यांनी मात्र नाव नोंदवू नये. प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी ती जागा जास्त उपयोगी पडेल.

पाच दिवसांत किती शिकून होतं?

पंधरा तासांत कुणी प्रोग्रॅमर होत नाही. पण डेटाची फाइल उघडणं, त्यातल्या हव्या त्या ओळी आणि रकाने वेगळे काढणं, गटागटाने सरासरी काढणं, प्रबंधात घालता येईल असा आलेख काढणं, आणि एका फाइलवर केलेलं तेच काम चाळीस फाइलींवर एका दमात चालवणं, एवढं पंधरा तासांत नक्की होतं. मशीन लर्निंग, वेबसाइट, ॲप यातलं आम्ही काहीही शिकवत नाही.

मला एक्सेल चांगलं येतं. मग हे कशाला?

एक्सेल वाईट आहे म्हणून नव्हे. छोट्या यादीसाठी, खर्चाच्या हिशोबासाठी मी स्वतः एक्सेलच उघडतो. अडचण अशी की एक्सेलमध्ये तुम्ही काय काय केलं याची नोंद मागे राहत नाही. माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी निरीक्षणांच्या तक्त्यातला एकच रकाना निवडून चढत्या क्रमाने लावला आणि फाइल सेव्ह केली. बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले. कुठलं मोजमाप कुठल्या नमुन्याचं, हे त्यानंतर कळायला मार्ग उरला नाही. मूळ प्रत ठेवली नव्हती. तीन आठवड्यांची मोजमापं मला पुन्हा घ्यावी लागली. कोडमध्ये मूळ फाइल फक्त वाचली जाते, तिच्यावर पुन्हा लिहायचं असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. आणि प्रत्येक पायरी ओळीने समोर असते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या शोधनिबंधाची गोष्ट ठाऊक असेल. देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर कोसळतो, सरासरी उणे ०.१ टक्का होतो, असं २०१० च्या त्या निबंधातून दिसत होतं. थॉमस हर्न्डन हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथला संशोधक विद्यार्थी, म्हणजे तुमच्यासारखाच. वर्गातलं काम म्हणून त्याने ते आकडे पुन्हा काढायला घेतले आणि ते जुळेनात. मूळ एक्सेल शीट मागवल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहून गेल्या होत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. काही वर्षांची आकडेवारी वगळणं आणि देशांना भार देण्याची पद्धत, या दोन गोष्टींमुळे पडलेला फरक तर त्याहून मोठा होता. सगळं दुरुस्त केल्यावर सरासरी अधिक २.२ टक्के आली. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, पण मधल्या तीन वर्षांत अनेक देशांतल्या काटकसरीच्या धोरणांना या निबंधाचा आधार दिला गेला होता.

जीवशास्त्रातही असंच आहे. काही मानवी जनुकांची नावं इंग्रजीत 'मार्च १' किंवा 'सेप्ट २' अशी होती. एक्सेल त्यांना तारीख समजायचं आणि न विचारता १ मार्च, २ सप्टेंबर करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावंच बदलली. प्रयोगशाळेत जनुकांच्या याद्या हाताळणाऱ्यांनी आपल्या जुन्या फाइली एकदा उघडून पाहाव्यात.

पायथनच का? आमच्या विभागात सगळे आर वापरतात.

मग आर ही भाषाच शिका. तुमच्या शेजारच्या टेबलावरची व्यक्ती जी भाषा वापरते तीच तुमच्यासाठी सगळ्यात सोयीची, कारण अडलं की तिथेच विचारता येतं. संख्याशास्त्र आणि परिसंस्थाशास्त्र या विषयांत आर पक्कं रुजलेलं आहे. आम्ही पायथन घेतो, कारण मजकूर, आकडे, नकाशे आणि उपकरणांतून आलेल्या फाइली या सगळ्यांसाठी ते चालतं आणि वर्गात सगळ्या विभागांचे विद्यार्थी असतात.

एक सावधगिरी बाळगा. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. इंटरनेटवरच्या एखाद्या जुन्या पाठात 'प्रिंट'नंतर कंस दिसले नाहीत, तर तो पाठ पायथन २ चा आहे असं समजा आणि बंद करा. तो कोड आता चालणार नाही.

लॅपटॉप कसा लागतो?

साधा चालतो. रॅम ८ जीबी असेल तर उत्तम, ४ जीबीवर काम होतं, मात्र ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवता येणार नाहीत. डिस्कवर दहाएक जीबी जागा मोकळी ठेवा. विंडोज, मॅक, लिनक्स काहीही चालेल, फक्त विंडोज ७ नको. पायथनच्या ३.९ आणि पुढच्या आवृत्त्या त्यावर बसत नाहीत. चार्जर आणा. वर्गात पुरेसे प्लगपॉइंट नाहीत, म्हणून कुणाकडे एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तोही आणा.

माझ्याकडे लॅपटॉपच नाही.

आम्हाला आधी कळवा. हे सांगायला संकोच वाटतो, याची कल्पना आहे. दर खेपेला दोन-तीन जण पहिल्या दिवशी मागच्या बाकावर वही घेऊन बसतात आणि मग आम्हाला कळतं. आधी कळलं तर विभागाच्या लॅबमधला संगणक तुमच्या नावावर ठेवता येतो. ते नाहीच जमलं तर दोघांत एक लॅपटॉप, आणि दर वीस मिनिटांनी कीबोर्ड एकाने दुसऱ्याकडे द्यायचा. अशा जोड्या पुष्कळदा एकेकट्यांपेक्षा चांगलं शिकतात, कारण आपण काय करतोय ते त्यांना सतत मोठ्याने बोलावं लागतं.

गूगल कोलॅब, म्हणजे ब्राउझरमध्येच पायथन चालवायची गूगलची सोय, मोबाइलवरही उघडतं, पण पाच दिवस मोबाइलवर कोड लिहिणं फार त्रासाचं आहे. कोड वाचायला मोबाइल ठीक.

इन्स्टॉलेशन कोर्समध्ये करून देता का?

नाही. हे आधी करून यायचं, आणि आदल्या रात्री करायला घेऊ नका. वीस जणांनी एकाच वेळी विभागाच्या वायफायवरून शेकडो एमबीचं डाउनलोड लावलं की पहिला दिवस त्यातच जातो. एकदा असं झालं आहे.

आठवडाभर आधी ॲनाकोंडा किंवा मिनिकोंडा उतरवून घ्या. पायथन इन्स्टॉल करायचे हे तयार संच आहेत. ॲनाकोंडा मोठं आहे, पण ज्युपिटर (कोड लिहून चालवायची जागा), नमपाय (आकडेमोड), पांडाज (तक्ते), मॅटप्लॉटलिब (आलेख) सगळं एकदम येतं, म्हणून नवख्या माणसाला मी तेच सुचवतो. इन्स्टॉल करताना 'फक्त माझ्यासाठी' हा पर्याय निवडा, म्हणजे ॲडमिन पासवर्ड लागत नाही. विभागाने दिलेल्या लॅपटॉपवर याच पासवर्डपाशी घोडं अडतं. नुसतं पायथन त्याच्या अधिकृत साइटवरून घेणार असाल, तर विंडोजवर पहिल्याच खिडकीत तळाशी पाथमध्ये पायथन जोडण्याची चौकट असते. तिच्यावर टिक करा. ती राहिली की नंतर कमांड लिहिल्यावर विंडोज म्हणतं, असा प्रोग्रॅमच नाही, आणि माणूस तासभर चाचपडत बसतो.

झालं की ज्युपिटर उघडून दोन अधिक दोन करून पाहा. चार आलं, तुमची तयारी झाली. नाही आलं, तर स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाका. पूर्ण स्क्रीन दिसू द्या, फक्त लाल ओळ कापून पाठवू नका.

सगळं करूनही लॅपटॉप ऐकत नसेल तर कोलॅब आहेच: ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल काही करावं लागत नाही, गूगल खातं लागतं. तिथे चढवलेली डेटाची फाइल सत्र संपलं की पुसली जाते. कोड ड्राइव्हवर राहतो, डेटा राहत नाही. डेटाही ड्राइव्हवर ठेवून तिथून वाचायचा.

यायच्या आधी नेमकं एक काय शिकून येऊ?

फाइल आणि फोल्डर. हे उत्तर ऐकून पुष्कळ जण नाराज होतात. त्यांना वाटतं मी लूप किंवा लिस्ट म्हणेन. पण पहिल्या दोन दिवसांत ज्या अडचणी येतात त्यातल्या बहुसंख्य पायथनच्या नसतातच. फाइल कुठे आहे हेच माहीत नसतं.

आपण सगळे आता मोबाइलवर वाढलो. फोटो गॅलरीत असतो, पीडीएफ व्हॉट्सॲपमध्ये असते, आणि शोधलं की सापडतं. ती वस्तू डिस्कवर कुठल्या फोल्डरच्या पोटात आहे हे विचारायची वेळच येत नाही. पायथन मात्र तेच विचारतं. त्याला पूर्ण पत्ता लागतो. टपालाच्या पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा लिहितो तसा.

म्हणून एवढं करून या. डेस्कटॉपवर नको, डाउनलोड्समध्ये नको, एक स्वतंत्र फोल्डर बनवा. नाव इंग्रजीत, लहान, मध्ये मोकळी जागा न सोडता. आत दोन फोल्डर: एक डेटासाठी, एक कोडसाठी. मग डेटाच्या फोल्डरमधल्या एका फाइलचा पूर्ण पत्ता वहीत हाताने लिहून काढा. हा पत्ता न चुकता लिहिता आला की अर्धी लढाई तिथेच झाली.

विंडोजवाल्यांसाठी दोन गोष्टी आणखी. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) वाटणारी फाइल प्रत्यक्षात सीएसव्ही-डॉट-टीएक्सटी असू शकते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन ही शेपटं दिसतील असं करून ठेवा. दुसरं म्हणजे, विंडोज पत्त्यात उलटी तिरकी रेघ घालतं आणि पायथनमध्ये त्या रेघेला वेगळा अर्थ आहे. तिच्यापुढे एन आला तर नवी ओळ, टी आला तर टॅब. 'यूझर्स' फोल्डरचा पत्ता तसाच चिकटवला की युनिकोडबद्दल काहीतरी अगम्य तक्रार येते, ती यामुळेच. पत्त्यात सरळ तिरकी रेघ वापरा, किंवा अवतरणचिन्हाच्या आधी इंग्रजी आर हे अक्षर लावा. दोन्ही चालतं.

गणित किती लागतं?

सरासरी, टक्केवारी, आलेखाचे दोन अक्ष. बस.

एक गोष्ट दिसली तर दचकू नका: पायथनला ०.१ + ०.२ विचारलं की उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ त्या पद्धतीत नेमका मावत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात मावत नाही. दोन दशांश संख्या तंतोतंत समान आहेत का असं म्हणून विचारायचं नाही. त्यांच्यातला फरक नगण्य आहे का, हे पाहायचं.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलो.

पायथनमधले राखीव इंग्रजी शब्द आहेत ३५. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, इन, नॉट, रिटर्न असे. त्यातले पंधरा-सोळाच आपल्याला पाच दिवसांत लागतात. ते शब्द पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते. बाकी नावं तुम्हीच ठेवायची असतात. आकडा किंवा मजकूर ज्या नावाखाली साठवतो त्याला व्हेरिएबल म्हणतात. पायथन ३ मध्ये हे नाव देवनागरीतही ठेवता येतं. 'पाऊस' या नावात आकडा ठेवला तर पायथनची काही हरकत नसते. पहिल्या दिवशी खुशाल ठेवा. पुढे कोड परराज्यातल्या सहकाऱ्याला द्यायचा झाला की इंग्रजी नावं बरी पडतात. मजकूर म्हणून आलेला '१२' हा देवनागरी आकडाही पायथन बारा म्हणून ओळखतं, पण कोडमध्ये थेट लिहायची संख्या मात्र इंग्रजी आकड्यांतच हवी.

खरी अडचण येते ती एरर वाचताना. तिथे घाबरून सगळी लाल ओळ डोक्यावरून जाते. पाच दिवसांत तुम्हाला जेमतेम सहा-सात प्रकारच्या एरर भेटतील. त्यांची मराठीतली ओळख आत्ताच करून देतो. नेम एरर: हे नाव मी कधी ऐकलेलं नाही, एक तर स्पेलिंग चुकलं किंवा वरची ओळ चालवायची राहिली. सिंटॅक्स एरर: वाक्यरचना मोडली, बहुधा कंस, कोलन किंवा अवतरणचिन्ह सुटलं. इंडेंटेशन एरर: ओळीच्या सुरुवातीची जागा कमी-जास्त झाली. फाइल नॉट फाउंड: पत्ता चुकला. टाइप एरर: मजकूर आणि आकडा यांची बेरीज करायला सांगितली. की एरर: या नावाचा रकानाच नाही, नावापुढे एखादी मोकळी जागा लपली असेल. व्हॅल्यू एरर: जात बरोबर पण किंमत चुकीची, जसं 'बारा' या अक्षरी शब्दाचा आकडा करायला सांगणं.

एरर नेहमी खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं, वरच्या ओळींत कुठे झालं ते.

वर्गात आम्ही मराठीतच बोलतो, प्रश्नही मराठीत विचारा. घरी पुन्हा ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे अनेक पाठ मराठी आवाजात फुकट मिळतात.

माझा डेटाच मराठीत आहे: मुलाखती, बातम्या, लोकगीतं. चालेल का?

उत्तम चालेल, फक्त आधी एक तपासा. जुनं टाइपिंग श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असेल, तर स्क्रीनवर मराठी दिसलं तरी फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच भरलेली असतात. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे मराठीच दिसलं तर युनिकोड आहे.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी विचित्र चिन्हं दिसली, तर डेटा खराब झाला असं समजून ती फाइल लगेच सेव्ह करू नका. एक्सेलने ती यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) म्हणून वाचलेली नसते, एवढंच. पायथनमध्ये ती बहुतेक वेळा नीट उघडते.

आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी: 'मराठी' या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतं. आपण म, रा, ठी अशी तीन अक्षरं मोजतो. पायथन म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं मोजतं. अक्षरगणवृत्तांवर काम करायचं असेल तर हा फरक पहिल्याच दिवशी कळलेला बरा.

स्वतःचा डेटा आणू का?

आणाच. आमच्याकडे सरावाच्या फाइली आहेत, पण दुसऱ्याच्या डेटावर शिकलेलं महिनाभरात विरून जातं. स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं विसरत नाही.

मूळ फाइल नको, तिची प्रत आणा. उत्तरदात्यांची किंवा रुग्णांची नावं, फोन नंबर, आधार क्रमांक त्यात असतील तर ते रकाने घरूनच काढून टाका. नीतिसमितीला तुम्ही लेखी हमी दिलेली आहे. गाईडला विचारल्याशिवाय लॅबचा अप्रकाशित डेटा कोलॅबवर चढवू नका.

मग ती फाइल शांतपणे पाहा. काय काय सापडतं ते मी वर्षानुवर्षं पाहतोय. तक्त्यातल्या पिवळा रंग दिलेल्या पेशी (म्हणजे चौकटी), 'पिवळं म्हणजे संशयास्पद' हे फक्त रंग देणाऱ्याला माहीत. पायथन रंग वाचत नाही, त्यासाठी वेगळा रकाना करा. एकत्र जोडलेल्या पेशी सोडवा. '१,२५,०००' असा स्वल्पविराम असलेला आकडा पायथनच्या लेखी मजकूर असतो. ०५/०६/२०२४ ही आपली ५ जून, पण पांडाज मुळात महिना आधी धरतं, त्याच्या लेखी ती ६ मे. दिवस आधी आहे हे त्याला सांगावं लागतं.

महाराष्ट्रावर काम करणाऱ्यांनी जिल्ह्यांची नावं जरूर तपासावीत. २०११ च्या जनगणनेत ३५ जिल्हे आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ३६ झाले. म्हणजे २०११ चा ठाणे आणि आजचा ठाणे एक नव्हेत. जुन्या तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असतं, नव्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. दोन तक्ते जोडले की हे तीन जिल्हे गुपचूप गळतात किंवा रिकामे राहतात, आणि पायथन एररसुद्धा देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

पावसाचे आकडे असतील तर एक खास सूचना. हवामान खात्याच्या चौकटवार पावसाच्या डेटात आकडा उपलब्ध नसेल तिथे -९९९ भरलेलं असतं. ते न काढता सरासरी घेतली तर पाऊस उणे येतो. उणे आला तर निदान लक्षात येतं. मोठ्या आकड्यांत दोन-चार -९९९ मिसळून सरासरी थोडीच खाली आली, तर ती तशीच प्रबंधात जाते. मला भीती या दुसऱ्या प्रकाराची वाटते.

आधी काही सराव करायचा असेल तर?

संगणक बंद ठेवून करायचा एक सराव देतो. समजा तुमच्याकडे एका गावाच्या पावसाची वही आहे, १ जून ते ३० सप्टेंबर, रोजची एक ओळ, १२२ ओळी. चोवीस तासांत २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर हवामानशास्त्रात तो 'पावसाचा दिवस' धरतात. असे दिवस किती, हे मोजायचं काम तुम्ही सातवीतल्या भावंडाला देताय, तेही चिठ्ठीवर लिहून. चिठ्ठी मराठीत लिहा.

पहिल्यांदा बहुतेक जण लिहितात: 'वही पाहा आणि २.५ च्या वरचे दिवस मोज.' आता त्या भावंडाच्या जागी बसा. मोजणी कुठे लिहून ठेवू? सुरुवातीला किती लिहू? बरोबर २.५ असेल तर धरू का? एका ओळीत काहीच लिहिलेलं नाही, मग? 'थेंब पडले' असं लिहिलंय, त्याचं काय? शेवटची ओळ झाली की काय करू?

या सगळ्यांची उत्तरं चिठ्ठीत आली की तुम्ही व्हेरिएबल, लूप आणि अट या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. ती चिठ्ठी वर्गात आणा. दुसऱ्या दिवशी आपण तिचाच कोड करतो, आणि बहुतेकांचा तो पहिला स्वतःचा प्रोग्रॅम असतो.

टायपिंग हळू आहे, चालेल?

चालेल. फक्त कोलन, अंडरस्कोअर, चौकोनी आणि महिरपी कंस, हॅश ही चिन्हं कीबोर्डवर कुठे आहेत ती शोधून ठेवा. कोड वर्डमध्ये लिहू नका आणि वर्डमधून चिकटवू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून टाकतं आणि पायथनला ती कळत नाहीत.

चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेतला तर शिकायची गरज काय?

कोर्स संपल्यावर तुम्ही ही साधनं वापरणार, मीही वापरतो. पहिले तीन दिवस मात्र वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या तीन दिवसांत चुकून, अडून, पुन्हा लिहून डोक्यात जे बसतं ते आयत्या उत्तराने बसत नाही.

त्याच्या पुढचं कारण वर येऊन गेलं आहे. तुमच्या रकान्यातलं -९९९ म्हणजे काय, पिवळा रंग कशाचा, ठाणे कुठलं, हे त्या साधनाला आपण होऊन माहीत नसतं. ते सुबक, चालणारा कोड देतं आणि चुकीची सरासरी काढतं. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी 'हा आकडा कसा काढला?' म्हणून विचारलं की उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. म्हणून कोड कुणीही लिहो, आधी पाच ओळींची छोटी फाइल करा, उत्तर हाताने काढा, मग कोड चालवून ताडून पाहा.

गाईड पाच दिवस सोडायला तयार नाहीत. काय करू?

'सर, एक कोर्स आहे, जाऊ का?' असं विचारलं की नकार येणं सोपं असतं. त्यांच्या कामाशी जोडून सांगा: 'मॅडम, स्पेक्ट्रोमीटरच्या त्या साठ फाइली मी दर वेळी हाताने एकत्र करते, त्यात दोन दिवस जातात. या कोर्सनंतर ते काम कोडने होईल. पाच दिवस सकाळी तीन तास जाऊन दुपारी लॅबला येऊ का?' कोर्स आम्ही मुद्दाम सकाळी ठेवला आहे.

एखादा दिवस चुकला तर?

चौथा किंवा पाचवा चुकला तर नोट्स वाचून भरून निघतं. दुसरा चुकवू नका. त्या दिवशी लूप आणि अट येते, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

प्रमाणपत्र मिळतं का? कोर्सवर्कचं क्रेडिट?

उपस्थितीचं प्रमाणपत्र मिळतं. क्रेडिट धरायचं की नाही हे तुमच्या विभागाची समिती ठरवते, त्यांना आधी विचारा.

नंतर विसरून गेलो तर?

कोर्स शुक्रवारी संपतो. पुढच्या शुक्रवारच्या आत स्वतःचं एक काम, कितीही छोटं असो, पायथनने करा: एक आलेख, एक तक्ता, शंभर फाइलींची नावं बदलणं. ज्यांनी ते केलं त्यांचं टिकलेलं मी पाहिलं आहे. त्यापुढे सलग शिकायचं असेल तर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ) पायथनचे पूर्ण सत्राचे कोर्स आहेत, शिकायला फुकट, फी फक्त परीक्षेची.

दर बुधवारी दुपारी चार ते पाच मी विभागाच्या लॅबमध्ये बसतो. अडलेला कोड, डेटाची प्रत आणि एररची पूर्ण ओळ घेऊन या. कोर्स दोन वर्षांपूर्वी केलेला असला तरी या.